वाळ्याचा वास आणि एकतीस डिग्री

प्रोसेसरवर बसवायच्या नव्या पंख्याच्या तळाला चिकटवलेलं प्लास्टिक मी काढलंच नाही. त्यावर लाल अक्षरांत ‘बसवण्याआधी काढा’ असं लिहिलेलं होतं... इंग्रजीत, वर चित्रासकट. मी अकोल्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. उष्णतेचं वहन हा धडा तर माझा हातखंडा.

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. या सदरातले अनुभव मी चहासोबत, हसत हसत वाचायचो. मागे एकांनी पिंपळाखालच्या बाईचा अनुभव लिहिला होता, त्याखाली ‘गॅसेस झाले असतील’ ही कॉमेंट माझीच. त्या गृहस्थांनी आज परतफेड करावी, माझी हरकत नाही.

जठारपेठेत दुसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या खोलीत आमचा कॉम्प्युटर असतो. आमचा म्हणजे वैशालीचा, माझ्या बायकोचा. ती इमारतींची थ्री-डी चित्रं करते. लग्नानंतर हे काम सुटलं होतं. तिच्या वडिलांना, वलगावच्या मामांना, ते फार लागलं होतं. शेवटी त्यांनीच हे मशीन घेऊन दिलं आणि मला सुनावलं, ‘‘पोरीच्या हातात कला हाय जवाईबापू. ते चुलीत नका घालू. अन् तुमी याले हात नका लावू.’’ दुसऱ्या वाक्यालाही कारण होतं. मी एकदा त्यांच्या विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर ‘दुरुस्त’ केला होता. ती मोटर पुन्हा कधी बोलली नाही.

मामा गेल्या दिवाळीनंतर वारले. आणि मे महिन्यात वैशालीला पहिलं काम आलं — अमरावतीतल्या एका मुलींच्या होस्टेलची फिल्म. बांधायच्या आधीच सगळं होस्टेल आतून फिरवून दाखवायचं. सोमवारी तिथल्या मंडळींसमोर दाखवायची होती. त्यांना आवडली तर पुढचं सगळं काम तिचं, नाहीतर नागपूरची एक पार्टी टपून बसलेली. इकडे कॉम्प्युटर म्हणत होता, फिल्म तयार व्हायला मंगळवार उजाडेल.

शनिवारी ती आईला भेटायला वलगावला गेली, आणि माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. ओव्हरक्लॉकिंग! म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त पळवायचा... बैलाला पराणी टोचावी तसा. धोका एकच, तो तापतो. म्हणून आधी दणकट पंखा बसवायचा, मग वेग थोडा थोडा वाढवायचा, व्होल्टेजला उगाच हात लावायचा नाही आणि दर पायरीला खूप काम देऊन तापमान बघायचं. हे सगळं मी अगदी नेमाने केलं. फक्त ते प्लास्टिक...

तापमान एकतीस डिग्री. वेग वाढवला, एकतीस. आणखी वाढवला, तरी एकतीस! मी स्क्रीनचा फोटो काढून स्टाफच्या ग्रुपवर टाकला.

वैशाली परतली ती भडकूनच.

‘‘माझ्या कॉम्प्युटरले काहून हात लावला तुमी? सोमवारी माझं काम हाय!’’

‘‘अवं, पाय तं खरी! उद्या रातच्याले फिल्म तयार होते तुही!’’

‘‘बाबाची मोटर बी असंच म्हणून घेतली होती तुमी हातात.’’ मग तिने स्क्रीन नीट पाहिला. ‘‘पण खोली चाळीसच्या वर तापून राहिली. मंग हे आतमंदी एकतीस कसं?’’

हा प्रश्न माझ्या वर्गातल्या कोणी विचारला असता तर मी शाबासकी दिली असती. पंखा काही खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. बायकोने विचारला म्हणून मी म्हणालो, ‘‘टेक्नॉलॉजी हाय.’’

रविवारची दुपार. अकोल्याचा मे काय असतो ते अकोल्याच्या माणसाला सांगायला नको आणि पुण्याच्या माणसाला सांगून उपयोग नाही. नळ आला नव्हता, त्यामुळे खिडकीतल्या कूलरची टाकी कोरडीठाक. मोटर बंद करून ठेवलेली. वैशाली स्क्रीनसमोर, मी गंजीफ्रॉकवर सतरंजीवर. आणि एकदम ओल्या वाळ्याचा वास आला.

आमच्या कूलरला वाळा नाहीच. लाकडाच्या भुशाच्या जाळ्या आहेत.

‘‘तुमाले येऊन राहिला?’’ वैशालीने विचारलं. मी मान हलवली. वास कॉम्प्युटरच्या डब्यातून येत होता. मी हात लावला आणि मागे घेतला... माठाला लावावा तसा गार! पत्र्यावर बारीक थेंब जमले होते, हळूहळू ओघळत होते. मेच्या त्या भट्टीत, जिथे धुतलेला शर्ट दहा मिनिटांत कडक होतो, तिथे हवेत पाणी आलं कुठून? खाली फरशी कोरडी होती. थेंब ओघळायचे आणि खालच्या कडेपाशी दिसेनासे व्हायचे.

मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगतो, देवळात गाभाऱ्यासमोर होतं तसं काहीतरी झालं. मी गुडघ्यावर बसूनच राहिलो.

वैशाली हलक्या आवाजात म्हणाली, ‘‘डिप्लोमाच्या परीक्षेले मी ड्रॉइंग काढत बसो ना वलगावले, तवा बाबा खिडकीले वाळ्याची ताटी लावत. दिवसभर लोट्यानं पाणी मारत राहत तिच्यावर. म्हणत, ‘तू काढ, मी हावो ना इथं.’’’

मग ती खुर्चीत सरळ झाली, बाप खोलीत आल्यावर पोरगी बसते तशी, आणि कामाला लागली. मी गंजीवर शर्ट चढवला. का, ते विचारू नका.

सोमवारी सकाळी फिल्म तयार होती. तिने ती पेन ड्राइव्हवर घेतली, दोनदा चालवून पाहिली आणि म्हणाली, ‘‘झालं.’’

तेवढ्यात एकतीसचा आकडा सरसर चढत शंभरावर गेला. मशीन बंद. वास गेला. पत्र्याला हात लावला तर ऐन उन्हातल्या पत्र्यासारखा चटका.

ती अमरावतीला गेल्यावर मी पंखा उघडला. प्रोसेसर आणि पंख्याच्या मधोमध ते प्लास्टिक! म्हणजे उष्णतेला पंख्यापर्यंत पोचायला वाटच नाही. वितळलेलं नाही, सुरकुतलेलं नाही. लाल अक्षरं नवीकोरी. अशा अवस्थेत ते मशीन दोन दिवस सोडा, चहा होईपर्यंतही टिकायला नको. पुढे प्लास्टिक काढून, सगळं रीतसर बसवून तोच वेग दिला, तर ऐंशीच्या वर तापलं. मी मुकाट्याने कंपनीचा वेग परत लावला.

काम वैशालीला मिळालं. पेढे घेऊन आम्ही वलगावला गेलो. सासूबाईंना मी सगळं सांगितलं, आणि जोडीला माझे तर्कही... सेन्सर बिघडला असेल, थेंब म्हणजे आमचाच घाम असेल. पण बिघडलेल्या सेन्सरने पत्रा गार होत नाही, आणि घामाला वाळ्याचा वास येत नाही.

सासूबाईंनी पेढा मामांच्या फोटोपुढे ठेवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, ‘‘तुमी हात लावला म्हणल्यावर त्यायले यावंच लागलं असन, जवाईबापू. तुमचा भरवसा त्यायले जित्तेपणी नोता, अन् आता तं काय, वरून सगळंच दिसते.’’