मंगळाची बोली

मंगळावरचा माणूस म्हटल्यावर तुम्ही लगेच आकाशात बघायला लागला असाल. मान दुखेल, खाली घ्या. तो पारोळ्याकडच्या खेड्यातून धुळ्याला शिकायला आला होता, आणि तो मीच.

शाळेत पुण्याहून नवे सायन्सचे मास्तर आले होते. तीन महिने खपून त्यांनी नाटक लिहिलं. एक माणूस मंगळवाल्याला घरी आणतो, जेवू घालतो, दोघांचं मैत्र जमतं. मग कळतं की याचे भाऊबंद पृथ्वी जिंकायला निघालेत. माणूस रडत रडत त्याला बांधतो आणि म्हणतो, "मैत्रीपेक्षा मानवजात थोर."

हेडमास्तरांनी बजावलं होतं, "प्रेक्षकांत गोंधळ झाला, तर पुढल्या वर्षीपासून नाटक बंद. नुसते श्लोक."

मी नकला करायचो म्हणून मंगळवाला मला मिळाला. मास्तर म्हणाले, "तोंडाला येईल ते बरळ, पण भाषा वाटली पाहिजे." मी झिंग, झांग करून पाहिलं. त्यांना पटेना. शेवटी कंटाळून मी म्हटलं, "माले भूक लागनी शे, भाऊ."

मास्तर खूश. "हे बघा, किती परकं वाटतं. हेच ठेव."

वर्गात आमच्या घरच्या अहिराणीचा एक शब्द निघाला तर आम्हाला बाकावर उभं करत. मास्तर नवे, त्यांच्या कानावर ती कधी पडलीच नव्हती. बाकीची पोरं ओठ चावून गप्प राहिली. मी तर काय, मंगळवाल्याचं सगळं बोलणं त्याच बोलीत पाठ केलं.

संमेलन दुपारी होतं. पुढे साहेबलोक, मागे खेड्यांतून गाड्या जुंपून आलेली माणसं. त्यांत आमचे वडील, नानाही. मी तोंडाला गेरू फासून, डोक्यावर चाळणी घालून उभा. माणूस झालेला आमच्या वर्गातला पहिला नंबर दोर घेऊन आला. मी हात जोडले, "माले बांधू नको, भाऊ. मन्ही माय वाट दखी राहिनी."

मागून एक म्हातारी उठली. "कसाले बांधस रे त्याले? आपला पोऱ्या शे तो."

"सोडी दे," मागचे सगळे ओरडायला लागले. म्हातारी फडक्यातली भाकर घेऊन स्टेजपाशी पोचली. पहिला नंबरही शेवटी शिरपूरकडचा. त्याचे डोळे भरले, मानवजात विसरला, दोर टाकून म्हणाला, "चाल भाऊ, मन्हा घर."

टाळ्या थांबेनात. हेडमास्तर उठून गेले. जाताना मास्तरांना एवढंच म्हणाले, "पुढल्या वर्षी श्लोक."

मास्तर वही मांडीवर घेऊन बसून राहिले. मी हळूच सटकून गाडीपाशी गेलो. वाटलं, नाना पाठ थोपटतील. नानांनी कान धरला.

"घरमा हाईच बोली, वावरमा हाईच बोली. नि ती बोलाले तुले तोंडले गेरू फासना पडना? परकी शे का ती?"

मी म्हटलं, "मास्तरच म्हणाले, ठेव."

"त्याले माहीत नव्हतं. तुले माहीत व्हतं. तीन महिनानं त्यानं काम तुन्हामुये गयं. जाय, पाय धर त्याना. मंग गाडीमा बठ. नि ती चाळणी काढ पहिले."