त्याने पाहिलेली शर्यत

नव्वद साल उजाडलं तेव्हा मी बोईसरला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. कुंभवलीत भाड्याच्या खोलीत मी आणि ती राहायचो. ती जवळच्याच समुद्रकाठच्या दांडी गावची, मच्छीमार घरातली. शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत धावलेली. लग्नाला नाही म्हणाली तेव्हा घर तुटलं आणि धावणंही सुटलं. चाळीत सगळे आम्हाला मैत्रिणी म्हणायचे. आम्हीही तेच म्हणायचो. दुसरा शब्द आमच्याजवळ नव्हता.

घरचं एकच माणूस आमच्याकडे यायचं, तिचा धाकटा भाऊ. तो परदेशी जहाजावर खलाशी होता. एकदा सुट्टीत सुके बोंबील घेऊन जेवायला आला. बराच वेळ खाली मान घालून जेवला. मग म्हणाला, "ताय, एक सांगू?"

"सांग की."

"अमेरिकेत जहाज लागलेलं. तिकडं मोठ्या मैदानात खेळ चाललेले. देशोदेशीची माणसं आलेली, धावायला, पोहायला. आन ती सगळी..." तो अडखळला. "म्हंजे बाईबरोबर संसार करणाऱ्या बाया. तसेच पुरुष पन. कोणी लपवत नव्हतं."

माझा घास हातातच राहिला.

"मला तुमी दोघी आठवल्या," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत हे कुणी आमच्यासमोर बोललं नव्हतं. ती भात वाढायला उठली, पण न वाढताच परत बसली.

"धावायला कोण होत्या? जवान पोरीच ना?" ती म्हणाली.

"नाय गं. पांढऱ्या केसांच्या पन होत्या. एक तर सगळ्यांच्या मागून आली. तिच्यासाठी आख्खं मैदान उभं राहिलं. पुढं तिची बाई उभी, हात पसरून. तीपन म्हातारीच."

"काय नेसलेल्या?" तिनं विचारलं, आणि तिघंही हसलो. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

पुढच्या रविवारी तिनं कॅनव्हासचे बूट घेतले आणि म्हणाली, "दांडीला जाऊ." ओहोटी होती. पंजाबी ड्रेसची ओढणी माझ्याकडे देऊन ती ओल्या वाळूवरून निघाली. आधी जड पावलांनी, मग हळूहळू जुन्या लयीत. मी पाहत राहिले. शेजारी कधी तिची आई येऊन उभी राहिली, मला कळलंच नाही. हातात मासळीची टोपली. मी अंग चोरून घेतलं.

म्हातारी लेकीकडेच बघत होती. "बारीक झाली," म्हणाली. "जेवते ना नीट?"

"जेवते."

"तूच रांधतेस?"

"दोघी मिळून."

तिनं मान हलवली. "तिला पाणी लागंल आता," म्हणाली आणि घराकडे वळली. चार पावलांवर थांबून मागे बघितलं. "तू पन चल. उन्हात नको उभी राहू."

त्या परदेशी मैदानावर आम्ही कधी गेलो नाही. पण त्यानंतर कितीतरी रविवार आम्ही दांडीला जेवलो.