मावशी नाही, आई म्हणायचं

आईला फोन केला की ती उचलते आणि गप्प राहते. मी चंडीगडच्या सेक्टर ३४ मधल्या ऑफिसातून 'हॅलो, हॅलो' करत घसा कोरडा करते, मग ती सावकाश म्हणते, "बोल गं." वर्षानुवर्षं या सवयीने माझं डोकं उठवलंय.

त्यात या कॅसेटची भर पडली. बाबांची बदली चंडीगडला झाली तेव्हा साताऱ्याला आजोळी पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची आमच्याकडे पद्धत होती. बाबा गेल्यावर कपाट आवरताना त्यातली एक सापडली. इथल्याच मनीमाजऱ्यातल्या दुकानदाराने "कल पक्का, जी" म्हणत तीन आठवडे हेलपाटे घालायला लावले, तेव्हा कुठे ती मोबाइलवर आली.

ऐकली, तर माझाच बोबडा आवाज. "मावशी, भूक." मग आईचा, "मावशी नाही, आई म्हणायचं. म्हण, आई." मी पुन्हा "मावशी." असं कितीतरी वेळ. शेवटी कंटाळून मी "आई" म्हणते आणि ती टाळ्या वाजवते.

मला वाटलं, काहीतरी खेळ चाललाय. माझ्या लेकीला मराठी कळतं, पण बोलायला जीभ वळत नाही. ती म्हणाली, "मम्मा, आप नानी को मावशी क्यों बोल रहे थे?"

तशीच आईकडे गेले आणि मोबाइल तिच्यापुढे ठेवला. तिने सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"माझी ताई तुझी आई. तू दीड वर्षाची होतीस तेव्हा ती गेली. वर्षभराने मला तुझ्या बाबांना दिली."

सगळ्या आजोळाला ठाऊक, फक्त मला नाही. माझा नुसता संताप झाला. गेलेल्या आईचा आवाज तरी कुठे आहे, मी विचारलं.

"याच कॅसेटवर होता. साताऱ्याला पाठवायला भरली होती, राहून गेली. ती लावली की तू टेपरेकॉर्डरच्या मागे जाऊन तिला शोधायचीस. मला बघवेना. मग मीच त्यावर हे भरलं."

म्हणजे पुसला. होता नव्हता तेवढा आवाज पुसून, त्याच जागेवर मला 'आई' म्हणायला शिकवलं. मी तिला नाही नाही ते बोलले. तिने बोलू दिलं.

बोलून थकल्यावर विचारलं, "कसा होता?"

"तुझ्यासारखा," ती म्हणाली. "फोनवर तर अगदीच. म्हणून आधी जरा ऐकत राहते."