पैठणची पऱ्हाटी

आर्णीजवळच्या आमच्या गावात कापूस वेचायला तुळसाबाईंइतकं चपळ कोणी नव्हतं. बोलायलाही नव्हतं. त्यांचा एकुलता अश्वजित मात्र सलग दोन हंगाम कपाशी बोंडअळीने खाल्ल्यावर "आता पऱ्हाटीचं तोंड पाहणार नाही" म्हणून गेला, तो चार वर्षं फिरकला नाही. पैठणला लायटिंगच्या कामावर आहे, एवढंच फोनवरून कळायचं.

दिवाळी झाल्यावर त्या मला, त्यांच्या शेजारणीला, म्हणाल्या, "ममता, चाल माह्यासंगं. त्याले घरी घेऊनच येतो." मी अंगणवाडीची सुट्टी टाकली, नवऱ्याची बोलणी खाल्ली आणि निघाले.

पैठणच्या जुन्या घाटावर प्रकाशाचा उत्सव भरला होता. भिंतींवर रंग धावत होते, पाण्यावर उजेडाची कमळं. मला ते सगळं जरा नखरेलच वाटलं, खोटं कशाला बोलू! पण घाटाच्या टोकाला चक्क पऱ्हाटीचं शेत उभं होतं. झाडं खरी वाळलेली, कापूस खरा, आणि बोंडाबोंडात बारका दिवा. लोक दोरीबाहेरून बघत होते. तुळसाबाई दोरीखालून थेट आत शिरल्या, पदराची ओटी केली आणि दोन्ही हातांनी वेचायला लागल्या. तोडलेलं एकेक बोंड विझत गेलं. रखवालदार ओरडला, मी लाजेने अर्धी झाले. तेवढ्यात वायरचं भेंडोळं टाकून एक जण धावत आला.

"वरडू नका भाऊ. माही माय हाय थे."

तुळसाबाईंनी एका हाताने ओटी धरली, दुसऱ्याने लेकाचा चेहरा चाचपला. "पऱ्हाटी पाह्यची नोहोती ना तुले? मंग हे कायले लावलं?"

अश्वजित खाली बघत म्हणाला, "करमत नाही माय. आन् हिले अळी लागत नाही."

"घरी चाल."

तो ओटीतलं एकेक बोंड घेऊन जागेवर लावू लागला. थोड्या वेळाने त्याही लावू लागल्या. मला रडू आवरेना.

सकाळी तो स्टँडवर सोडायला आला. बस लागताच तुळसाबाईंनी खिडकीतून रुमाल टाकून तिघांची जागा धरली. तो खालीच उभा राहिला. बस सुटली.

जालन्याला गर्दी चढली. एका म्हाताऱ्याने रुमालाकडे बोट दाखवलं, "इथं कोणी आहे का?"

"हाय," तुळसाबाई म्हणाल्या. "माहा पोट्टा येऊन राह्यला."

मी उठून म्हाताऱ्याला माझी जागा दिली आणि यवतमाळपर्यंत उभी राहिले.