जावेची मऊ भिंत

कामतघरला आम्ही दोघी जावा एकाच दिवशी नव्या घरात राहायला गेलो. दोघा भावांनी शेजारी शेजारी सिमेंटच्या ब्लॉकच्या दोन खोल्या बांधल्या होत्या. गिलावा बाहेरून झाला, आतून राहूनच गेला. चारी बाजूंना करडे ब्लॉक. पाठ टेकली की ब्लाऊजचे धागे निघायचे.

दोघींचं सारखंच होतं, तोवर मला काही वाटलं नाही. मग जावेच्या भावानं, तो लूमवर कामाला होता, डागी कापडाचा तागा आणून दिला. तिनं छताखाली लाकडी पट्टी ठोकून घेतली आणि चुण्या घालून ते सायीच्या रंगाचं कापड भिंतभर सोडलं. खोली पार बदलली. बोललेलं घुमेना. सासूबाई दुपारी तिकडंच आडव्या व्हायला लागल्या.

एकदा मी म्हटलं, "इथं पडा की."

"इथं गोडाऊनमधी निजल्यासारखं वाटतंय गो," त्या सहज म्हणाल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा म्हणाला, "तुलाही आणू का तसलं कापड?"

"नको." माझं बघून केलं असं जावेच्या तोंडून ऐकायचं होतं की काय?

मी चुन्यात पिवळी पूड कालवून भिंती रंगवल्या. रंग ब्लॉकनं पिऊन टाकला, सांधे तेवढे काळेभोर दिसायला लागले. जाऊ दारात येऊन म्हणाली, "ताई, कापड उरलंय माझ्याकडं. देऊ?" खऱ्या मनानं विचारत होती. म्हणून तर जास्त झोंबलं.

मी तडक माहेरी, खाडीकाठी गेले. आई म्हणाली, "मातीनं लिंप. आधी भिंत चांगली भिजव." परत येऊन मी लाल माती, शेण, बारीक कापलेला पेंढा कालवला. पहिला थर तडकला. भेगा बुजवून दुसरा दिला, कोपरे तळहातानं गोल केले. वाळल्यावर सासूबाईंनी भिंतीवरून हात फिरवला. "आमच्या जुन्या घरासारखी हाय," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी मी जेवताना दोनदा भात घेतला.

संध्याकाळी जाऊ आली. बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "चुलीकडच्या भिंतीला कापड लावता येत नाही. मला शिकवाल?"

नाही म्हणावंसं फार वाटलं. पण तिच्या चेहऱ्यावर तेच दिसत होतं, जे इतके दिवस माझ्या पोटात होतं. ते पाहून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रविवारी आम्ही दोघींनी पदर खोचले. मी माती कालवून दिली, ती लिंपत गेली. तिचा हात पहिल्याच फटक्यात इतका सफाईनं फिरला की कुठं उंचवटा नाही की खळगा नाही.

"जमतंय का हो, ताई?" तिनं विचारलं.

"जमतंय," मी म्हटलं, आणि घमेल्यातली माती जरा जोरातच कालवायला लागले.