तेल-पाण्याची वाटी

ओट्यापाशी उभ्या राहिल्या की मावशी आधी एका वाटीत पाणी घेत, त्यात चार थेंब तेल सोडत आणि बोटं बुडवत. भाकरी थापायची असो, थालीपीठ असो की गणपतीतले मोदक. "बोट ओलं नसेल तर काम ऐकत नाही, ताई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

चाकणला आमच्या कंपनीच्या गेस्टहाउसवर त्या स्वयंपाक करायच्या. मी ऑफिसात अॅडमिनला. मावशी मूळच्या चिपळूणकडच्या. नवरा गेल्यावर कासारवाडीची भाड्याची खोली सोडून गेस्टहाउसच्या मागच्या खोलीत राहायला आल्या. गळ्यात माळ, त्यामुळे त्यांच्या स्वयंपाकघरात मांस-मच्छी नाही, हे साहेबलोकांनीही मुकाट्याने मान्य केलेलं. त्यांचे उकडीचे मोदक खायला आमचे मॅनेजर गणपतीत दोन-दोनदा 'पाहणी'ला येत. तुम्हीही आला असतात.

मग नवी मशीनं बसवायला चार चिनी पाहुणे आले आणि मावशींचं पानिपत झालं. वरणभात, भाजी, पोळी, सगळं ताटात जसंच्या तसं. वरून निरोप आला, महिनाअखेरीला स्वयंपाकघर ठेकेदाराला द्या. स्वयंपाकघर गेलं की मावशींची खोलीही जाणार. हे सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "त्यांना घरचं काय खावंसं वाटतं, ते कुणी विचारलं का?"

कुणीच विचारलं नव्हतं. मी विचारलं, तेव्हा त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर फोरमननी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. मोदकासारखं वळून वाफवलेलं काहीतरी, पण आत सारण आणि चक्क गरम सूप. सूप आत घातलं कसं, हे मावशींना कळेना. फोरमननी मोबाइलकडून भाषांतर करून घेत समजावलं, की सूप आधी थिजवायचं आणि सारणात मिसळायचं. वाफ लागली की ते आतल्या आत वितळतं. त्यांच्याकडे मांसाचं सूप आपोआप थिजतं. मावशींनी नातवंडांच्या जेलीसाठी आणून ठेवलेलं चायना ग्रास काढलं. मशरूम-आल्याचं सूप त्यात छान थिजलं.

पारी मैद्याची, कळ्या मावशींच्या. एकेकाला अठरा. तरी पहिल्या दिवशी सगळे फुटले, सूप खाली मोदकपात्रात. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी गेले तर मावशींनी कॉटखालची ट्रंक बाहेर ओढून ठेवलेली. उगाच आशा लावली म्हणून मला माझाच राग आला.

त्या संध्याकाळी फोरमन ओट्यापाशी येऊन उभे राहिले. बराच वेळ नुसते मावशींच्या हातांकडे बघत होते. मग त्यांनी तेल-पाण्याची वाटी उचलून खिडकीत ठेवली. मावशींना बोटं पुसायला लावली आणि कोरड्या मैद्यात बुडवायची खूण केली. तांदळाच्या उकडीला जे हवं असतं तेच मैद्याच्या पारीला नडत होतं. तेलकट बोटांनी कळ्या एकमेकींना चिकटतच नव्हत्या.

त्या दिवशी एकही फुटला नाही. मी शहाणी, मोदकासारखा अख्खा तोंडात टाकला आणि जीभ भाजून घेतली. फोरमन पोटभर हसले आणि त्यांनी करून दाखवलं. चमच्यात घ्यायचा, कडेला बारीकसं छिद्र पाडायचं, आधी सूप ओढायचं. तिसऱ्या मोदकाला ते डोळे मिटून बसले. मग त्यांनी आणखी मागितले.

मावशी दारातच उभ्या होत्या. मी मानेनेच 'आवडलं' म्हटलं, तशा पदराला हात पुसत खोलीकडे वळल्या.

"चला," म्हणाल्या, "ट्रंक आत सारते."

मला इतकं हलकं वाटलं, की जिभेची आग विसरून मी आणखी एक उचलला.

वरचा निरोप मागे घेतला गेला, स्वयंपाकघर मावशींकडेच राहिलं. पाहुणे येत-जात राहिले, आणि गेल्या वर्षी मावशी त्यांच्या मर्जीने लेकीकडे चिपळूणला गेल्या. ट्रंक मीच गाडीत चढवली. गेस्टहाउसला गेले की अजून मी आधी वाटीच्या त्या खिडकीकडे बघते.

यंदा गणपतीत त्यांचा फोन आला.

"ताई, एकजात सगळे मोदक चिरले. मी आपली बोटं कोरड्या पिठात बुडवतेय."

मग काय केलंत, मी विचारलं. त्या हसायलाच लागल्या.

"लेक बघत होती. तिनेच तेल-पाण्याची वाटी आणून पुढ्यात ठेवली."