आतली कडी

दुष्काळाच्या साली उमरग्यात हायवेलगत माझं शिलाईचं दुकान होतं. समोरच्या गॅरेजात एक माणूस जुन्या पिकअपवर बसवायला लाकडी खोली बनवत होता. गावची विहीर आटली होती. बायकोसह त्या खोलीत राहून बाजारोबाजार भांडी विकायची, असा त्याचा बेत. बायको मात्र माहेरी जायचं म्हणत होती. फळी ठोकली की तो तिच्यावरून तळहात फिरवायचा, कुठं कुसळ राहू नये म्हणून.

खोली गाडीवर चढवून बोल्ट आवळले, त्या दिवशी माहेरी जाता जाता ती बोचकं घेऊन बघायला आली.

"कडी भाईरनं? म्या काय शेरडू हाय व्हय कोंडायला?"

"मालाच्या गाडीला अशीच असती की."

"मग मालच न्या."

गॅरेजवाले हसले. मला वाटलं, फिसकटलं. तो मात्र न चिडता कडी उचकटायला बसला. "सगळी मापं घेतली, पर राहणारीला इचारलंच न्हाय," म्हणाला.

कडी आतून बसली. तिनं आत शिरून ती लावली. आपणच बांधलेल्या दारावर त्यानं हळूच टकटक केलं.

"कोण हाय?"

"म्याच हाय."

"मग माझं बोचकं आत द्या."